गुळाचा खडा

"मार खाल्ल्याबिगर कोन पळत न्हाय, म्याडम. घोडंबी न्हाय आन मानूसबी न्हाय." हे बोलताना ते मांडीवर अशी थाप मारत, की गोठ्यातल्या म्हशी माना वर करत.

सगळं गाव त्यांना ट्रेनरसाहेब म्हणे. करकंबकडचा हा माणूस तरुणपणी पुण्याच्या रेसकोर्सवर लीद काढायला गेला आणि घोड्यांचा नावाजलेला ट्रेनर होऊन, मोठाले कप घेऊन मोहोळजवळच्या शेतावर परतला. कप काचेच्या कपाटात होते, बाकीची कमाई अंगावर होती. अर्धा कान एका घोड्याने नेलेला, पुढचे चार दात दुसऱ्याने पाडलेले, छातीत खूर बसल्याची खूण. लग्नाचा अल्बम दाखवावा तसे शर्ट वर करून ते हे सगळं दाखवत. "ही बरगडी एका घोडीनं मोडली की. आटवड्यानं तिनंच कप दिला."

असा यशस्वी माणूस तुम्हीही पाहिला असेल. यशाचं गुपित विचारलं की तो कष्ट, शिस्त, देवाची कृपा असं काहीतरी सांगतो. हे सरळ सांगत, "रबरी पाइप." स्टार्टच्या गेटात न शिरणाऱ्या घोड्याला ते मागून फोडून काढत. जॉकीने ढिलाई केली तर एक रट्टा जॉकीलाही. मालक मंडळी वर गॅलरीत बसलेली असत, त्यांना फक्त पळणं दिसे.

मी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर. पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा मैना नावाच्या घोडीने त्यांचा खांदा फाडला होता. कोपरावरून रक्त गळत होतं आणि ते म्हणाले, "माजं ऱ्हाऊ द्या. तिच्या हिरडीत माज्या शर्टाचं बटन घुसलंय, ते बगा आदी." मी पाहिलं. खरंच घुसलं होतं.

सगळ्यात मोठा कप त्यांना मैनेने दिला होता. त्या आठवड्यात तिच्या पुढच्या पायाची शीर सुजली होती. त्यांना ते ठाऊक होतं. तरी रोज पहाटे पाइप मारून त्यांनी तिला पळवलं आणि शर्यतीलाही उतरवलं. शेवटच्या काही ढांगांत शीर तुटली आणि ती तीन पायांवर पहिली आली. मालक म्हणाला, इंजेक्शन देऊन संपवा. हे तिला ट्रकमध्ये घालून इकडे घेऊन आले.

आता त्यांना एकच हवं होतं. तिने एकदा त्यांच्या हातून गुळाचा खडा खावा. माझ्या हातून ती खाई, त्यांच्या सुनेच्या हातून खाई, वाटेने जाणाऱ्या कुणाच्याही हातून खाई. यांचा हात कमरेच्या वर गेला की भिंतीला पाठ लावून थरथरे, नाहीतर दात विचकून अंगावर येई. ते रोज सकाळी तासभर हात पसरून उभे राहत. मला त्यांची कीव येत नसे, हे सांगून टाकते.

एका दुपारी तिने गूळ हुंगला आणि पाठ फिरवली. त्यांचं डोकं फिरलं. खुंटीवरचा पाइप काढून ते तिला बडवू लागले, तोंडावर, मानेवर, त्याच पायावर. मी त्यांचा दंड धरला. त्यांनी झटकलं, मी पाण्याच्या दगडी कुंडावर पडले आणि माझं मनगट मोडलं.

तीन दिवसांनी मी प्लास्टर घालून कामावर आले, तर ते शेळ्या घेऊन आलेल्या बायकांच्या रांगेत बसलेले. नंबर आला तसे उठले. "म्याडम, मला एक ठिऊन द्या. समद्यांम्होरं." दुसरी एखादी 'असू दे' म्हणाली असती. मी डाव्या हाताने सणसणीत दिली. रांगेतल्या शेळ्या दचकून मागे सरल्या. गाल चोळत ते म्हणाले, "डावा हात हाय, म्हून हलकी बसली." मला हसू आलं, आणि हसू आलं याचाच राग आला.

त्या दिवाळीनंतर त्यांना लकवा झाला. सोलापूरच्या दवाखान्यातून घरी आले ते उजवं अंग गमावून, वाचाही निम्मी गेलेली. सून रोज त्यांची खुर्ची तबेल्याच्या दाराशी ठेवी. लोंबणारा उजवा हात मांडीवर उताणा ठेवी आणि तळव्यावर गुळाचा खडा. तो हात आता वर होणार नव्हता. हे मैनेला कसं कळलं कोण जाणे, पण ती रोज दोन पावलं पुढे येऊ लागली. ते गेले त्याच्या आठवडाभर आधी मी तिचा पाय तपासायला गेले, तेव्हा ती पार खुर्चीपाशी आली होती.

तिने हात हुंगला. नाकाने ढकलला तसा गूळ खाली पडला. मग तिने हातच तोंडात घेतला आणि दात मिटले. हाड मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. त्यांना काही कळलं नाही. धोतरावर रक्त उतरलं तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. सून किंचाळली. मी कोपऱ्यातलं फावडं उचललं.

"घिऊ द्या," ते वाकड्या तोंडाने म्हणाले. "घिऊ द्या तिला."

मी फावडं धरून तशीच उभी राहिले. त्यांनी डावा हात उचलला, कमरेच्या वर, मग खांद्याच्या वर. मैना हलली नाही. तिच्या दातांत त्यांचा एक हात होता, आणि दुसऱ्याने ते तिच्या कपाळावरचे केस सावकाश बाजूला करत होते.