तापमास्तरांचा तळहात

आमच्या ह्यांना सगळे तापमास्तर म्हणतात. मी लग्नापासूनच म्हणतेय, पण ते वेगळ्या कारणाने! गाडी तापते अशी तक्रार आली की हे बॉनेट उघडणार, इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या रबरी पाइपाला उजवा तळहात टेकवून झटकन काढणार आणि सांगणार, "ऐंशी." स्कॅनर लावावा तर तो ब्याऐंशी दाखवणार. पंचवीस वर्षं हेच चाललंय. इंजिन खरंच तापलंय की तापमान मोजणारा सेन्सर खोटं बोलतोय, हा निकाल आमच्या गॅरेजात तळहात देतो. मीटर बिचारा फडक्यात गुंडाळून खणात पडलेला असतो. शेजारच्या काउंटरवर मी सुटे भाग विकते, म्हणजे निकाल लागला की सेन्सर माझ्याच कपाटातून जातो.

तर त्या दिवशी नर्सबाई गाडी घेऊन परत आल्या. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची मलमपट्टी करतात त्या, गाडीशिवाय त्यांचं पान हलत नाही. आदल्याच दिवशी ह्यांनी त्यांना नवा सेन्सर बसवून दिला होता.

"मास्तर, काटा परत लाल! आणि पंखा तर बंदच होत नाही."

ह्यांनी बॉनेट उघडलं, पाइपावर हात ठेवला. "छे! कोमट आहे. गाडीला काही झालेलं नाही." मग माझ्याकडे मान वळवून, गिऱ्हाइकासमोर, म्हणतात कसे, "हिच्या कपाटातला माल! नवा सेन्सरही भंगार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा माल भंगार? एकेक डबी मी स्वतः तपासून घेते! "इंजिन बंद करा," म्हटलं, आणि खणातला मीटर काढला. पंचवीस वर्षं बघून बघून मीही शिकलेय की काहीतरी. सेन्सरचा प्लग काढला, त्याच्या दोन टोकांना मीटरच्या दोन तारा लावल्या. सेन्सर गार असला की आकडा दोन हजारांच्या वर जातो, तापला की खाली येतो. दोनशे दहा आला.

"बघा! सेन्सर म्हणतोय इंजिन उकळतंय."

"मीटरचा सेल उतरला असेल," हे म्हणाले. डावा हात पान्याकडे गेला. सेन्सर आता काढूनच टाकणार होते. उजवा तळहात पाइपावरच होता, कठड्यावर हात ठेवून उभं राहावं तसा.

"थांबा हो! आधी मला बघू दे," म्हणत मी त्यांच्या हाताशेजारी माझी दोन बोटं टेकवली.

"आई गं!"

बोटं भाजली. मी मागच्या मागे उडाले, मीटर खाली पडला. पाइप नुसता निखारा झाला होता. सेन्सर खोलला असता तर उकळतं पाणी तोंडावर आलं असतं. आणि हे आपले माझ्याकडे बघत उभे, हात तिथेच.

"काय झालं गं?" म्हणाले.

नर्सबाईंनीच त्यांचं मनगट धरून हात ओढला आणि उलटा केला. तळहात पांढराफटक पडला होता आणि अंगठ्याखाली हा एवढा फोड टरारला होता. ह्यांनी तो पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. तो हात आपला नसावा असे बघत होते.

"मास्तर, शुगर आहे तुम्हाला?"

"होती. गोळ्या खाल्ल्या वर्षभर. मग बरं वाटायला लागलं, सोडल्या."

माझ्या डोक्यात एकेक गोष्ट आदळायला लागली. हात झटकन काढायचे, ते हल्ली ठेवूनच द्यायचे. मला वाटलं, सराव. चालता चालता एक चप्पल मागे राहायची आणि ह्यांना पत्ता नसायचा. मी धांदरट म्हणून चिडवायचे. आणि उकळत्या दुधाचं पातेलं सांडशीशिवाय उतरवायचे! मेली माझी अक्कल, ते मी नणंदेला कौतुकाने सांगितलं होतं. "तुझ्या भावाचा हात लोखंडाचा आहे," म्हणाले होते मी!

नर्सबाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं, फोडाला धक्का न लावता हातावर गार पाणी सोडलं. मग ओळखपत्राची सेफ्टी पिन काढली, ती पुसून घेतली. "मास्तर, डोळे मिटा. टोचलं की हो म्हणा."

ह्यांनी डोळे मिटले. मी समोर उभी होते. देवा, एकदा तरी हो म्हणू दे, एवढंच मनात चाललं होतं. ह्या हातावर आमचं पोट, पण पोटाचं मरू दे, निदान हात तरी जागा असू दे!

नर्सबाईंनी अंगठ्याला पिन टोचली. मग पहिल्या बोटाला. मधल्या बोटावर जरा जोर दिला, तिथे रक्ताचा बारीक थेंब आला. मग चौथं बोट. करंगळी.

"अहो बाई, टोचा की आता," हे डोळे मिटूनच म्हणाले. "गाडी उघडी पडलीय तिकडे."

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पिन मिटली.