खळ दिलेलं शीड

दिगंबरच्या पायाला भिंगरी आणि जिवाला घोर, दोन्ही जन्मजात. मागावर बसला तरी त्याचं अर्धं चित्त रस्त्यावर असायचं. पण त्याच्या तोडीचा विणकर अख्ख्या बुऱ्हाणपुरात नाही, हे त्याच्याशी भांडणारेही कबूल करत.

संस्थानं एकामागून एक विलीन होत होती, त्या साली तापीच्या मुखाकडचा भाईदास त्याच्या दारी आला. भाईदासचा सहा माणसांचा मचवा शिडावर खोल समुद्रात मासेमारीला जायचा. "शिडासाठी जाड दोसुती कापड पाहिजे, पण कोरं. खळ मत लगाना," त्यानं दोनदा बजावलं. झाडाच्या सालीच्या काढ्यात रंगवलेलं शीडच खारं पाणी सोसतं, आणि खळीवर तो काढा चढत नाही.

दिगंबरनं मान डोलावली आणि केलं आपलंच. बिनखळीचं कापड गिऱ्हाइकाला देणं म्हणजे लेकीला न्हाऊ न घालता सासरी धाडणं, असं त्याच्या घरात मानत. त्यानं पातळशी खळ दिली, हाताला कळू नये इतकी.

दोन महिन्यांनी त्याच कापडाचा उरलेला तुकडा मोरीजवळ ओला सापडला. खळीला बुरशी लागून काळा पडलेला. दिगंबरनं अंगठा लावताच तो टरकन फाटला. तसल्याच शिडाच्या भरवशावर सहा माणसं समुद्रात जात होती. तो हातातला घास ताटात ठेवायचा. उठायचा, ओट्यावर जायचा, परत यायचा, पुन्हा उठायचा.

"बसा ना घडीभर," त्याची बायको सोजरबाई म्हणाली. "काय भूत लागलं पायाले?"

त्यानं सगळं सांगितलं. तिनं दशम्या बांधल्या. "मग इथं काय करता? जा."

भुसावळ, तिथून सुरत. तो किनाऱ्यावर पोचला तर मचवा आदल्या दिवशीच गेलेला. तीन दिवस तो वाळूत येरझारा घालत राहिला. कोळणींनी त्याला वेड्यात काढलं. चौथ्या दिवशी इंजिनाची एक बोट भाईदासचा मचवा ओढत आणताना दिसली. डोलकाठीवर नुसत्या चिंध्या होत्या. दिगंबरनं माणसं मोजली, पुन्हा मोजली. सहाच्या सहा होती.

भाईदास उतरला तोच लेकावर गरजत. थोरला प्रकाश सुकाणूवर होता. वारा फिरल्यावर त्यानं शीड वेळेत उतरवलं नाही म्हणून ते फाटलं, असं बापाचं म्हणणं. "आज से सुकाणू को हाथ नहीं लगाना." प्रकाश खाली मान घालून उभा. दिगंबरवर कुणाचाच संशय नव्हता. गप्प राहता, तर नव्या शिडाचं कामही त्यालाच मिळतं.

"पोराचा कसूर नाही, भाईदासभाई," तो म्हणाला. "मी खळ दिली होती. तुम्ही नको म्हटलं तरी दिली."

 भाईदास म्हणाला, आता इंजिनच बसवतो. शीड नको, आणि तुझं तर कधीच नको. प्रकाशकडे वळून एवढंच बोलला, "इंजिन आलं की तूच चालव."

स्टेशनवर पोचवायला प्रकाश आला. गाडी यायला वेळ होता, तरी दिगंबर फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतच होता.

"काका, नहीं बोलते तो किसको पता चलता?" प्रकाशनं विचारलं.

"मले कळलं असतं ना, भाऊ," दिगंबर म्हणाला. "अन् मले तर आधीच झोप नाही."