कानावरचे दाणे

आई खाटेवर बसून कानाला चिकटपट्टीने लावलेले मोहरीएवढे दाणे चिमटीत दाबते आहे. गणपतीपुढे कान धरावेत तसे डोळे मिटून, जणू आजारी पडणं हा तिचाच गुन्हा.

केमोनंतरची मळमळ कमी व्हावी म्हणून दवाखान्यातल्या सिस्टरांनी ते अ‍ॅक्युप्रेशरचे दाणे लावले. "हे नुसतं जोडीला आहे हं, उलटीच्या गोळ्या चालूच..." त्या बजावत होत्या, आणि मी मध्येच म्हणाले, "कळलं मला. मी सांगते आईला." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्याचा मला ताठा आहे, आणि तो मी कष्टाने कमावलाय. घरी येऊन सांगितलं ते एवढंच, "हे दाब, मळमळ थांबेल."

आईने गोळ्या बंद केल्या. दोन दिवस उलट्या. मी ओरडले तर म्हणाली, "तू म्हणालीस ना, थांबेल? शिकलेल्या माणसाला मी खोटं कसं पाडू?"

माझ्या शब्दाला घरात एवढं वजन असेल असं वाटलं नव्हतं. खरं तर वाटत होतं, आवडतही होतं. घरातले सगळे मला विचारतात, आणि मी कुणालाच विचारत नाही.

मघाशी गोळी घेतल्यावर तिने विचारलं, "किती वेळ दाबायचं गं?"

उत्तर जिभेवर तयार होतं. ते गिळलं. "माहीत नाही, आई. सिस्टरांना विचारू."

"तुलासुद्धा माहीत नाही?"

एवढं घाबरलेलं तिला मी पहिल्या केमोच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.