स्टीलचा सायलेन्सर

"इतनी पुरानी गाड़ी में स्टील का पाइप?" मयूर विहारचा मेकॅनिक हसला. गंजलेल्या सायलेन्सरचा धूर नाकात गेला आणि मला थंडीतली ती सकाळ आठवली.

आमच्या घराण्यातली ही पहिली गाडी, तीही जुनी विकत घेतलेली. बाबा मुद्दाम ती बघायला गावाहून आले होते. तेव्हाही सायलेन्सर फुटून धूर आत येत होता. पण आम्हाला वाटलं, दिल्लीची हवाच अशी, म्हणून आम्ही काचा घट्ट लावल्या होत्या.

"अहो, बाबा बोलत नाहीयेत!" मागे बसलेली बायको ओरडली. आम्ही त्यांना बाहेर ओढलं. बऱ्याच वेळाने डोळे उघडून ते पुटपुटले, "गाडीला काही झालं नाही ना?"

तेव्हा मी चिडलो होतो. आता बाबा नाहीत, गाडी आहे.

"स्टील का ही लगाइए," मी म्हणालो.