कर्णेमास्तरांचा हात

आमच्या कर्णेमास्तरांइतका भित्रा माणूस मी उभ्या लालबागेत पाहिला नाही. समोरून हवालदार दिसला की ते उगाचच टोपी सारखी करत आणि पलीकडच्या फुटपाथवर जात. लग्नामुंजीला लाऊडस्पीकर भाड्याने देणारा हा गृहस्थ संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये कसा ओढला गेला, देव जाणे.

महिलांच्या सभेत बोलायचं तर आधी माइकची ओळख हवी, म्हणून व्यायामशाळेत त्यांनी आम्हा मुलींचा वर्ग काढला. पहिल्याच दिवशी मी माइकवर जोरात फुंकर मारली. "बाय गो, ती काय चूल हाय?" मास्तर कळवळले. मी ओरडून बोलले की कर्णा किंचाळायचा. मग ते म्हणत, "वीतभर लांब रहा. तो माझ्याहून घाबरट हाय."

एका गोष्टीत मात्र ते फार कडक होते. आवाज एकदम तोडायचा नाही, बटण सावकाश उतरवायचं. परळच्या एका सभेत पोलिसांना पाहून त्यांनीच झटकन कर्णा बंद केला होता. आता गोळ्या सुटणार, असं समजून माणसं सैरावैरा पळाली आणि एक म्हातारी पायांखाली तुडवली जाऊन मेली. हे सांगताना मास्तर तळहात धोतराला पुसत राहत.

आमची सभा चाळीच्या आवारात होती. फाटक एकच, आणि बायका कडेवर पोरं घेऊन आलेल्या. मी बोलायला उभी राहिले तोच पोलिसांची गाडी आली.

"बंद कर तो कर्णा!" अधिकारी ओरडला.

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, संपलं, आता हे बटण फिरवणार. पण ते माझ्याकडे पाहून पुटपुटले, "बोलत रहा, बाय. एकेक रांग उठव."

त्यांच्या मनगटावर लाठी बसली. दुसरी बसली. बटणावरचा हात हलला नाही. "आधी पोरंवाल्या बायका. सावकाश, घाई नको," मी म्हणत होते, आणि माझ्या आवाजातला कंप साऱ्या आवाराला ऐकू जात होता. शेवटची बाई बाहेर पडल्यावर मास्तरांनी आवाज हळूहळू उतरवला.

त्यांना गाडीत चढवलं तेव्हा मी धावत गेले. सुजलेला हात उराशी धरून त्यांनी जाळीआडून विचारलं, "कोण पडलं नाय ना गो?"

"नाही मास्तर. कुणीच नाही."

तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं.