वाघझरी स्टेशन, सत्त्याऐंशीपट लहान

दीपमाला परळीतल्या ज्या दुकानात कामाला होती, तिथं नेमप्लेट, रबरी शिक्के आणि शाळांच्या बक्षिसाच्या ढाली बनत. २००६ साली मालक राजेश्वर यांनी लेझरनं कापणारं चिनी मशीन आणलं. ते चालवायला माणूस मिळेना. दीपमालानं बारावीनंतर कॉम्प्युटरवर आकृत्या काढायचा क्लास केला होता, म्हणून तिला तिथं बसवलं. पहिल्या आठवड्यात तिनं चार पाट्या जाळल्या. दोन महिन्यांत नावांच्या पाट्या तिच्या हातचा मळ झाल्या.

त्या श्रावणात पुण्याचे बद्रीनाथ महाजन वैद्यनाथाच्या दर्शनाला आले आणि बाजारातून जाताना दुकानाची पाटी बघून आत शिरले. निवृत्त इंजिनिअर होते. घरातल्या एका खोलीत त्यांनी छोटी रेल्वे मांडली होती. तिच्यासाठी त्यांना वाघझरीचं जुनं स्टेशन हवं होतं, सत्त्याऐंशीपट लहान. पन्नास साली त्यांचे वडील तिथं स्टेशन मास्तर होते. इमारत पाडून पंधरा वर्षं झाली होती आणि महाजनांपाशी समोरून काढलेला एकच फोटो होता.

एवढ्या फोटोवर कसं जमायचं, असं म्हणून राजेश्वर नकार देणार होते. दीपमाला म्हणाली, "माझे सासरे तिथं पॉइंट्समन होते."

सासरा कचरू रूळ बदलायच्या त्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर फारसा बोलत नसे. सकाळी ओट्यावर बसायचा, ऊन आलं की आत जायचा. सुनेनं विचारल्यावर मात्र त्यानं भराभर सांगितलं. माप फुटात नव्हतं. हातातला कंदील वर धरला की ऑफिसच्या चौकटीला लागायचा. खिडकीतून तिकीट घ्यायला बुटक्या माणसाला टाचा उचलाव्या लागत. दीपमालानं घरातला कंदील त्याच्या हातात देऊन टेप लावला आणि आकडे वहीत लिहिले.

रविवारी दोघं वाघझरीला गेले. बाभळीत नुसता चौथरा उरला होता, चाळीस फूट लांब. म्हणजे कॉम्प्युटरवर चौदा सेंटिमीटर. कचरू चौथऱ्यावरून चालत गेला, कुठं भिंत होती तिथं थांबत. मग तो मागं उतरला आणि लिंबाच्या बुंध्यापाशी उभा राहिला.

"हितं मटका हुता," तो म्हणाला.

कुठला, असं तिनं विचारलं.

"आपला. म्होरं पाणपोई हुती, ती बाकीच्यांची. बा रुळाच्या गँगमध्ये हुता. मी धा वर्साचा आसंन, त्याच्यासंगं यायचो. आमी हितं प्यायचो."

नोकरीला लागला तेव्हा तो मटका तिथं नव्हता, एवढंच त्यानं पुढं सांगितलं. दीपमालानं बुंध्यापासून चौथऱ्यापर्यंतचं अंतर मोजलं आणि तेही वहीत लिहिलं.

काम सोपं निघालं नाही. लेझर फळी कापताना केसभर जागा जाळतो, त्यामुळं पहिल्या भिंती एकमेकींत ढिल्या बसल्या. तिनं सगळ्या खाचा पुन्हा आखल्या. दगडांच्या रेघा उथळ कोरल्या, कौलांसाठी जाड पुठ्ठा घेतला. छप्पर कापताना मध्येच लाईट गेली आणि अर्धी कौलं वाया गेली, तेव्हा ती उठून चहा पिऊन आली आणि दुसरा पुठ्ठा लावला. खडीसाठी थर्मल वीजकेंद्राची राख चाळून घेतली. लाकडाचा भुसा हिरवा रंगवून झाडांची पानं केली. लिंबासाठी तुरीच्या काटकीची फांदी चालली.

सगळ्यात शेवटी तिनं ज्वारीचा एक दाणा विटकरी रंगात बुडवला आणि लिंबाखाली चिकटवला.

ऑर्डरीत नाही ते काहून केलं, असं राजेश्वरांनी विचारलं. मापात आहे म्हणून केलं, असं ती म्हणाली.

महाजन न्यायला आले तेव्हा कचरू दुकानात होता. त्यांनी स्टेशन दोन्ही हातांनी फिरवून पाहिलं. ऑफिसच्या दारावरच्या जाळीवरून बोट फिरवलं. मग मागची बाजू पाहिली आणि तो दाणा कशाचा, असं विचारलं. दीपमालानं सांगितलं.

"मी सात वर्षं तिथं राहिलो," महाजन म्हणाले. "माझ्या आठवणीत असा मटका नाही."

"आपुन म्होरून यायचा, सायेब," कचरू म्हणाला. "त्यो मागं हुता."

त्याच्या आवाजात राग नव्हता. महाजनांनी खुर्ची ओढली आणि बसले. तुमचे वडील कोण, असं त्यांनी विचारलं. सटवा, असं कचरूनं सांगितलं. गँगमधला उंच माणूस का, असं महाजनांनी विचारलं. हो, उंच होता, असं कचरू म्हणाला. पावसाळ्यात रूळ बघून आला की मास्तरांना ओसरीखालून हाक मारायचा, हे महाजनांना आठवत होतं. पाणी तो कुठं प्यायचा, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता, असं ते स्वतःच म्हणाले. मटका काढायला नको, एवढं सांगून त्यांनी स्टेशन खोक्यात भरून घेतलं.

दिवाळीनंतर त्यांचं पाकीट आलं. आत मांडणीचा फोटो होता, स्टेशनच्या मागच्या बाजूनं काढलेला. छोटी मालगाडी पलीकडून जात होती. त्यांच्या दोन मित्रांना अशीच स्टेशनं हवी होती, त्यांचे पत्तेही होते. पुढच्या तीन वर्षांत दीपमालानं अकरा स्टेशनं, दोन सिग्नल केबिन आणि एक पूल केला. मग तिनं आणि नवऱ्यानं, नवनाथनं, सिरसाळ्याच्या रस्त्याला स्वतःचं मशीन टाकलं.

फोटो आला त्या दिवशी कचरूनं तो उजेडात धरून पाहिला. लिंब एक पाऊल डावीकडं पाहिजे होता, असं म्हणाला. दीपमालानं तेही वहीत लिहिलं.