आमच्या टीमचा एकच गोल

भिलाईत मुलींची आइस हॉकीची टीम होती असं सांगितलं की लोक हसतात. आमच्याकडे बर्फ दिसतो तो उसाच्या रसात आणि मासळीबाजारात. मीही हसून विषय बदलते. पण टीम होती. दोन वर्षं होती, आणि मी तिची गोलकीपर होते.

टीम काढली ती सेक्टर सहामध्ये आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या काकांनी. ते भंडाऱ्याकडचे, भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये फिटर. माझे बाबा क्रेन चालवायचे. दोघं एकाच शिफ्टला सायकलीने निघायचे. काकांना स्केटिंगचं वेड कुठून लागलं, काकूंनाही सांगता यायचं नाही. सेक्टरातल्या सिमेंटच्या रिंकवर ते आधी स्वतःच्या मुलीला शिकवू लागले, मग मला, मग आणखी सहा जणींना. आम्ही चाकांच्या बुटांवर हॉकी खेळायचो. उत्तरेला डोंगरात हिवाळ्यात बर्फावरची स्पर्धा होते, तिथे आमच्यासारख्यांनाही घेतात, असं त्यांना कोणीतरी सांगितलं. तेवढं त्यांना पुरलं.

एप्रिलमध्ये सकाळी सहालाच सिमेंट कोमट लागायचं. काका त्यावर साबणाचं पाणी ओतायचे आणि म्हणायचे, "घसरा. घसरल्याबिगर बर्फ समजत नाई." आम्ही घसरायचो, गुडघे सोलून घ्यायचो. माझ्या पायांवरचे पॅड स्कूटरच्या सीटा शिवणाऱ्याने रेक्झिन आणि फोमचे बनवले होते. उन्हात ते तापले की त्यांना नव्या सीटचा वास यायचा.

काकांची मुलगी माझ्याहून वर्षाने मोठी, आमच्यात सगळ्यात वेगवान. मी पडले की काका धावत येत, हाडं चाचपून बघत. ती पडली तर तिच्याकडे पाठ करून म्हणत, "तुह्यासाठीच टीम काढली ना? मंग तूच कावून बसून राहिली?" ती उठायची. मला तेव्हा वाटायचं, तिला काही लागतच नाही.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात आम्ही गेलो. दोन दिवस रेल्वे, मग बस. सोबत आमच्या शाळेतल्या एक बाई होत्या, त्या चढणीच्या रस्त्याने इतक्या आजारी पडल्या की पोचल्यावर अंथरुणातून उठल्याच नाहीत. गोठलेल्या तळ्यावर रिंक होता. आम्ही आठही जणींनी बर्फावर पहिल्यांदा पाय ठेवला तो तिथे, उसन्या मागून आणलेल्या पात्यांच्या बुटांवर. साबणाच्या पाण्याचा आणि त्या बर्फाचा काही संबंध नव्हता. पहिल्या सामन्यात आमच्यावर चौदा गोल झाले. तिथल्या मुली चांगल्या होत्या, शेवटी शेवटी त्या मुद्दाम हळू खेळायला लागल्या. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुसरा सामना दुसऱ्या दिवशी सकाळी. अर्धा झाला असेल नसेल, रबराची ती कडक चकती माझ्या गळ्याखाली, छातीवरचा पॅड संपत होता नेमकी तिथे येऊन लागली. काहीतरी मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. काका बर्फावर चपला घालून धावत आले, दोनदा पडले. हाडाचं काम होतं, खाली गावात दवाखाना होता, जीप तयार होती. कोणीतरी मोठं माणूस सोबत जायला हवं होतं.

त्यांची मुलगी काठी टाकून आली. "पप्पा, तुमी नका जाऊ," ती म्हणाली. "इथले लोक नेतील तिले. तुमी थांबा."

"लेकरू कोणाचं आहे ते? मी त्याइच्या भरवशावर सोडू?" काका म्हणाले आणि जीपमध्ये चढले. मी मागे बघितलं नाही, मान वळतच नव्हती. पण ती हाक मारत होती ते ऐकू येत होतं.

आम्ही परत आलो तेव्हा सामना संपला होता. हरलोच होतो, पण बाकीच्या पोरी उड्या मारत होत्या. आम्ही गेल्यावर थोड्याच वेळात आमचा एक गोल झाला होता आणि तो काकांच्या मुलीच्या नावावर लिहिला होता. थंडीने सगळ्यांचे मोबाइल बंद पडले होते, फोटो कोणाकडेच नव्हता. काका तिच्याकडे गेले. "कसा मारला वो? सांग ना मले." ती बुटांच्या लेस सोडत राहिली. म्हणाली, "झाला. बस."

तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं, तळ्यावरचा बर्फ मऊ झाला आणि उरलेले सामने रद्द केले. आम्ही घरी आलो. परतल्यावर ती एकदाही रिंकवर आली नाही. इतर जणी बारावीच्या क्लासला लागल्या. काका काही महिने दोघी-तिघींना घेऊन जात राहिले, मग तेही थांबले.

मी शेजारी दुर्गलाच नोकरीला लागले. काका रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं, ते दुर्गमध्येच पद्मनाभपुरात राहायला गेले. मुलगी पुण्यात. वर्षातून एकदा यायची, दोन दिवस राहायची. काकांना दम लागायचा, मग घरात ऑक्सिजनचं मशीन आलं. मी रविवारी जायचे. ते प्रत्येक वेळी विचारायचे, "तिनं तो गोल कसा मारला असंन वो?"

एका रविवारी मला राहवलं नाही. मी सांगितलं, डावीकडून आली, दोघींना चुकवलं, खाली वाकून कोपऱ्यात मारला. काका डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "तू तर माह्यासंग जीपमंधी होती."

मी माफी मागायला लागले.

"राहू दे," ते म्हणाले. "अजून एकडाव सांग."

मी पुन्हा सांगितलं. मे महिन्यात ते गेले.

त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मुलगी आली होती. वंदना झाली, लोक जेवून गेले, आम्ही दोघी मागच्या अंगणात पातेली घासत होतो. मी तिला सगळं सांगितलं, ते काय विचारायचे आणि मी काय सांगितलं ते. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"वो गोल मैंने नहीं मारा था," ती म्हणाली. भिलाईत वाढलेल्यांच्या तोंडी आधी हिंदीच येते. मग मराठीत आली. "त्यांच्याच पोरीच्या बुटाले लागून आत गेला. मी जवळ होती म्हणून माह्या नावावर लिवला. पप्पा इतके खूश होते. मी काय सांगणार होती?"

"मग तू त्यांच्यावर रागावली नव्हतीस?"

"रागावली होती ना," ती म्हणाली. "तुह्यावर बी होती. खूप वर्षं होती." नळ चालूच होता, तिने तो बंद केला. "मी बी त्याइले एकडाव खोटं सांगतलं असतं तं काय झालं असतं? तू सांगतलंच ना."

आतून काकूंनी तिला हाक मारली. ती लगेच गेली नाही. ओले हात तसेच धरून उकिडवी बसून राहिली, आणि मी तिच्या वाटची पातेली घासून टाकली.